टॉवरवरच्या केबलचं टोक



कोल्हापूरच्या राजारामपुरीत पत्ता सांगायला फारसे सायास पडत नाहीत. पहिली गल्ली, पाचवी गल्ली, अकरावी गल्ली. नंबर सांगितला की रिक्षावाला दारात आणून सोडतो. पण याच गल्ल्यांतल्या एखाद्या अपार्टमेंटच्या गच्चीवर जाऊन बघा. इंटरनेटचा लोखंडी पोल, त्यावर दोन-तीन पांढऱ्या डिश आणि पायथ्याशी एकमेकींत गुंतलेल्या केबल. त्यातली कुठली कुणाची, हे कळायला बसवणाऱ्यालाही ती ओढून बघावी लागते. बऱ्याचदा बिघाडाची सुरुवात होते ती या ओढण्यातच.

या डिश वाढल्या, कारण २००५ मध्ये केंद्र सरकारने बिनतारी लहरींचा २.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टा आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये ५ गिगाहर्ट्‌झमधला मोठा भाग वेगळ्या परवान्याशिवाय वापरायला मोकळा केला. आयआयटी मुंबईच्या ‘ग्राम मार्ग’ प्रकल्पाने पालघर जिल्ह्यातल्या गावांना अशाच बिनतारी दुव्यांनी इंटरनेट दिलं आणि २०१७ मध्ये मोझिलाच्या स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळवलं. बिनतारी म्हणायचं खरं, पण डिशपासून खालच्या नेटवर्क स्विचपर्यंत तार असतेच. आणि घोटाळा होतो तो बहुधा त्या तारेत, त्यातही तिच्या दोन टोकांना.

आपल्याकडे या तारेला दोन ऋतू नडतात. पहिला वळवाचा. वीज पोलवरच पडायला हवी असं नाही. जवळपास कडाडली तरी लांब तारेत विजेचा दाब उसळतो आणि खालचा स्विच जळतो. म्हणून बाहेर शिल्डवाली केबल वापरतात. तिच्यात तारांच्या चारही जोड्यांभोवती पातळ धातूचं वेष्टण असतं आणि सोबत एक उघडी तार. ही महागाची केबल आणून तिला साधा प्लास्टिकचा कनेक्टर ठोकणारे महाभाग मी पुष्कळ पाहिलेत. कनेक्टर धातूच्या कवचाचा हवा, ती उघडी तार त्या कवचाला घट्ट भिडलेली हवी आणि पुढे सर्ज प्रोटेक्टरमधून तिला अर्थिंग मिळायला हवं. नाहीतर ते वेष्टण असून नसल्यासारखं. अर्थिंगची तारही आखूड आणि शक्य तितकी सरळ न्यावी आणि इमारतीच्या मुख्य अर्थिंगला जोडावी. पाण्याच्या टाकीच्या पाइपाला गुंडाळलेली तार म्हणजे अर्थिंग नव्हे.

दुसरा ऋतू पावसाळ्याचा. कोल्हापूरचा पाऊस चार सरींत आटपत नाही, आठवडा आठवडा लागून राहतो. वर केबलच्या सालीला बारीकशी चीर पडली की पाणी आत शिरतं आणि नळीतून उतरावं तसं खाली येऊन थेट स्विचच्या तोंडात ठिबकतं. वरचा जोडणीचा डबा कोरडा, खालचं यंत्र ओलं, माणूस चक्रावतो. बाहेरून ओघळणाऱ्या पाण्यावर उपाय अगदी स्वस्त आहे. केबल डब्यात खालच्या बाजूने घालायची आणि आत शिरण्याआधी तिला थोडा झोळ द्यायचा, म्हणजे ते झोळाच्या तळाशी येऊन गळून जातं. आतून उतरणारं पाणी टाळायचं तर घरात वापरायची राखाडी केबल गच्चीवर नेऊच नये. उन्हाने तिची साल तडकते आणि पाण्याला वाट मिळते. बाहेरची केबल काळी असते ती शोभेसाठी नाही. त्या काळ्या रंगातला कार्बन ऊन सोसतो. बांधायचे टायसुद्धा काळेच घ्यावेत, आणि केबल दबेल इतके आवळू नयेत.

आता टोक. आत आठ तारा, दोन-दोनच्या पिळात. कनेक्टर लावताना हा पीळ अर्ध्या इंचापेक्षा जास्त उकलायचा नाही. रंगांचा क्रम पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना हाच. याच तारांतून डिशला वीजही जाते. अशी वीज देण्याच्या २००३ च्या मानकात स्विचमधून १५.४ वॅट निघतात आणि शंभर मीटरवरच्या यंत्राला १२.९५ वॅट मिळतील असं धरलेलं आहे. बाकीची तारेतच जिरते. हा हिशेब तांब्याचा आहे. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल स्वस्तात मिळते. तिचा रोध जास्त, त्यामुळे डिश मध्येच बंद पडून पुन्हा सुरू होते आणि गिऱ्हाईक कंपनीच्या नावाने बोटं मोडतं. ब्लेडने तार खरवडून बघा; आत पांढरी दिसली तर परत करा.

राहिली खूणचिठ्ठी. प्रत्येक केबलला वर आणि खाली एकच नंबर, ऊन-पावसात न पुसणारा. पाच मिनिटांचं काम, पण ‘उद्या करू’ म्हणून जे राहतं ते राहतंच. खरं सांगायचं तर नंबर न घातलेलं काम मी पुरं झालं असं मानत नाही.

सोसायटीच्या चेअरमन-सेक्रेटरींना एक विनंती. गच्चीवर चटणीच्या मिरच्या वाळत पडतात त्या दिवसांत, म्हणजे वळवाच्या आधीच, तुमच्या इंटरनेटवाल्याला बोलावून घ्या. केबल तांब्याची आहे का, अर्थिंग कुठे जोडलंय, नंबर कुठे आहेत, एवढं त्याला विचारा. आणि आभाळ भरून आलं असेल तर नेट बंद पडलं म्हणून कुणालाही पोलवर चढायला लावू नका.