नाव विचारण्यात गेलेला वेळ



यंत्र मंद झाले की ते म्हातारे झाले, असे आपण चटकन म्हणून मोकळे होतो. आम्हीही तसेच म्हणालो होतो. एका संस्थेच्या ग्रंथसूचीचा वेब सर्व्हर आम्ही काही मंडळी सांभाळतो. त्यावर येणाऱ्या वाचकास पहिले पान मिळावयास पाच सेकंद लागू लागले. तक्रारी आल्या. नवे यंत्र घ्यावे, असे आम्ही कार्यकारी मंडळास कळविले आणि त्याचा खर्च पुस्तकखरेदीच्या रकमेतून काढावयाचे जवळजवळ ठरलेही!

मग ध्यानात आले की, प्रोसेसर तर रिकामा बसला आहे. थकलेला मजूर आणि कुणाची वाट पाहत उभा राहिलेला मजूर दुरून सारखेच दिसतात. आमचे यंत्र वाट पाहत होते. कुणाची?

संगणक एकमेकांस क्रमांकांनी ओळखतात. नावे आपल्या सोयीसाठी. पूर्वी साऱ्या नावांची एकच यादी असे. ती आवरेना, तेव्हा 1983 साली पॉल मॉकापेट्रिस यांनी डीएनएस ही व्यवस्था रचली. नावावरून क्रमांक आणि क्रमांकावरून नाव तिच्यातील नेमसर्व्हर सांगतात.

अपाची या सर्व्हर-प्रणालीत ‘होस्टनेमलुकअप्स’ अशी एक सोय आहे. ती चालू केली की येणाऱ्या प्रत्येकाच्या क्रमांकावरून त्याचे नाव शोधले जाते. खानावळीत नाव-गाव कळल्यावाचून ताट वाढू नये, त्यातलाच हा प्रकार! म्हणूनच 1.3 या आवृत्तीपासून ती मुळात बंद ठेवलेली असते. आमच्याकडे ती चालू कोणी केली? आम्हीच; वाचक कोठून येतात या कुतूहलापोटी.

तरीही नाव क्षणार्धात कळावयास हवे होते. आम्ही ‘डिग’ या साधनाने यादीतील नेमसर्व्हरांस एकेक करून प्रश्न केला. दुसऱ्याने तत्काळ उत्तर दिले; पहिला मुकाच. तो केव्हाच बंद झाला होता, पण ‘रिझॉल्व्ह.कॉन्फ’ या फाइलीत त्याचा क्रमांक अग्रभागी तसाच होता. लिनक्स अशा मुक्या नेमसर्व्हरासाठी साधारणपणे पाच सेकंद थांबते आणि मग दुसऱ्याकडे वळते. आमचे पाच सेकंद ते हेच.

ती ओळ खोडली, ती सोय बंद केली. नावे हवीतच, तर ‘लॉगरिझॉल्व्ह’ हा प्रोग्रॅम नोंदवहीवरून ती मागाहून शोधून देतो. वाचकाला तिष्ठत ठेवण्याचे कारण नाही.

पुस्तकांची रक्कम पुस्तकांसच राहिली. यंत्रास दोष देण्यापूर्वी ते काम करीत आहे की वाट पाहत आहे, एवढे आधी पाहावे, हा धडा आम्ही घेतला. तोच आपणांपुढे ठेवून रजा घेतो.