वृद्धाश्रमाच्या अर्जात नसलेला प्रश्न
(रुग्णालयाच्या वार्षिक सभेत मानसोपचार विभागाच्या वतीने केलेले भाषण)



काही वर्षांपूर्वी एका वृद्धाश्रमातून सत्तरी ओलांडलेल्या एका गृहस्थांना मध्यरात्री आमच्याकडे आणण्यात आले. आश्रमात येऊन त्यांना तीनच दिवस झाले होते. हात थरथरत होते, दरदरून घाम सुटला होता आणि भिंतीवर किडे चालत आहेत असे ते सांगत होते. "वयाचा परिणाम," सोबतचा सेवक म्हणाला. पुढे मुलाने खाली मान घालून सांगितले, की वडील अनेक वर्षे रोज मद्य घेत असत. प्रवेश नाकारला जाईल या भीतीने ते लपवले होते. आश्रमाच्या अर्जातही तो प्रश्न नव्हता आणि खरे सांगायचे तर पहिल्या तासात तो मलाही सुचला नव्हता. सुदैवाने ते गृहस्थ वाचले.

दीर्घकाळ रोज मद्य घेणाऱ्याचे मद्य एकाएकी तुटले, की साधारणतः दोन ते चार दिवसांत असा भ्रम होऊ शकतो, झटके येऊ शकतात आणि वेळीच उपचार न झाल्यास प्राणही जाऊ शकतात. आधी कल्पना असेल, तर देखरेखीखाली औषधे व 'ब-१' जीवनसत्त्व देऊन हा धोका पुष्कळसा टाळता येतो.

दुसरे व्यसन तर व्यसन म्हणून ओळखलेही जात नाही. ते म्हणजे झोपेच्या गोळ्या. जुन्या चिठ्ठीवर अल्प्राझोलामसारखी गोळी वर्षानुवर्षे चालू राहते. तिच्यामुळे तोल जातो, खुब्याचे हाड मोडते, विस्मरण वाढते. मात्र तीही एकदम बंद करू नये. डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळूच कमी करावी लागते.

या साऱ्याच्या मुळाशी पुष्कळदा नैराश्य असते. जोडीदार गेलेला, घर सुटलेले. जो वृद्ध दिवसभर गप्प बसतो, त्याला आपण 'शांत स्वभावाचे' म्हणतो. कधी हेच नैराश्य स्मृतिभ्रंश समजले जाते आणि बरा होण्याजोगा आजार उपचाराविना राहतो.

व्यसनी माणसाला अपराधी न मानता रुग्ण मानावे, हा धडा पुण्याच्या 'मुक्तांगण'ने १९८६पासून महाराष्ट्राला दिला आहे. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यानेही मद्य व अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्थांचा समावेश मानसिक आजारात केला आहे. मग वयाची सत्तरी गाठली, की ही दृष्टी आपण का सोडावी?

आप्तेष्टांना माझी विनंती आहे, की प्रवेशाच्या वेळी मद्य, तंबाखू, मशेरी, गोळ्या यांपैकी काहीही लपवू नका. आश्रमचालकांनी हा प्रश्न सन्मानाने, एकांतात विचारावा आणि उत्तरामुळे कोणाला दार बंद करू नये. देणगीदारांनी खाटा व यंत्रे यांप्रमाणेच आश्रमांत नियमित जाणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञाच्या व समाजसेविकेच्या खर्चाचाही विचार करावा. त्यांच्या नावाची कोनशिला लागणार नाही. परंतु एखाद्या वृद्धाची तिसरी रात्र सुखरूप सरेल.