मार्का कोण मारणार?

(नाशिक येथे तरुण कार्यकर्त्यांपुढे केलेले भाषण)



मी गोदीतला हमाल. शिक्षण मॅट्रिक. ग्रंथालयशास्त्र मला येत नाही, पण मार्का कळतो. गोणीवरचा मार्का चुकला की माल भलत्याच शेडमध्ये सडतो. पुस्तकाचं तेच. माणसाचंही तेच.

आमच्या वस्तीच्या वाचनालयात आम्ही यादी करतोय. कुठल्या कादंबरीत अपंग माणूस आहे, कुठं समलिंगी, कुठं तृतीयपंथी, हे पोरांना सापडावं म्हणून. वही धरली आमच्या एका सोबत्यानं. स्लिंग तुटून त्याचा पाय गेलाय. वहीत कुणीतरी आधीच सदर पाडलं होतं : 'लुळे-पांगळे'. त्यानं वही मिटली. म्हणाला, "ह्या खणात मी बसू का?"

एकजण म्हणाला, 'दिव्यांग' लिहा, सरकारी शब्द आहे. सोबती उखडला, "पाय गेला त्यात दिव्य काय? नाव नको, जिन्याची सोय करा."

नाशिककरांनो, हे भांडण तुमच्या घरातलं आहे. १९३८ साली मुंबई विधानसभेत 'हरिजन' हा शब्द कायद्यात घालू लागले, तेव्हा तुमच्याच जिल्ह्यातल्या दादासाहेब गायकवाडांनी विरोध केला. बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षानं सभात्याग केला. गोड नाव वरून आलं, खाली हाल तेच राहिले. २०१६ साली केंद्राच्या खात्याच्या नावात 'दिव्यांग' आला, तोही वरूनच.

आणि शास्त्र म्हणाल तर जगभर चालणारी ड्यूईची दशांश पद्धत बघा. तिच्या १९३२ च्या आवृत्तीत समलिंगी माणसं मनोविकारांच्या खणात कोंबली होती. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनं १९७३ साली हा आजार नव्हे म्हणून ठरवलं. आपल्याकडं ३७७ कलमाच्या कचाट्यातून सुटायला ६ सप्टेंबर २०१८ उजाडला. तोवर मार्का एकच : गुन्हेगार.

खरी पंचाईत पुढं आहे. आनंद यादवांची 'नटरंग' कुठं ठेवाल? गुणा हा मजूर, बायकोपोरांचा बाप, तमाशापायी नाच्या होतो. 'तृतीयपंथी' लिहिलं तर खोटं. काहीच नाही लिहिलं तर गावानं केलेली विटंबना लपली. आम्ही लिहिलं : 'नाच्या, मर्दपणाची सक्ती'. राजन गवसांच्या 'भंडारभोग'पुढं 'जोगत्या'च लिहिलं. इंग्रजी शब्द चिकटवला असता तर देवीला सोडण्याची रूढी आणि तिच्यामागची गरिबी पुसली गेली असती.

म्हणून आम्ही दोन रकाने केले. एकात पुस्तकातला शब्द, शिवी असली तरी जसाच्या तसा. तो पुरावा आहे. दुसऱ्यात त्या माणसांनी स्वतः घेतलेला शब्द. लेखकानं न दिलेली ओळख आपण द्यायची नाही. आंधळा नुसता नायकाची दया दाखवायला आणला असेल, तर तेही लिहायचं. जात लिहायची. आणि सगळं पेन्सिलीनं. माणसं उद्या आपलं नाव बदलतील, तो त्यांचा हक्क.

आता आपल्या तोंडाकडं बघा. मोर्चात आपण मंत्र्याला बांगड्यांचा आहेर करतो, 'हिजडा' म्हणून घोषणा देतो. साला, तीही जातच की! ज्यांनी आपल्याला शिवीनं हाक मारली त्यांचीच जीभ आपल्या तोंडात.

'दलित' हा शब्द आपण स्वतः उचलला, छातीवर लावला. तो हक्क दुसऱ्याला नाकारणारा विद्रोही कसला? वही उघडी आहे. ज्याची गोष्ट, त्याच्या हातात पेन्सिल द्या.

जय भीम!