गडावरचे गवत

(गेल्या गणेशोत्सवात पाचव्या दिवशी सजावट समितीतर्फे केलेल्या भाषणाचा मजकूर)



सजावट समितीला माइकसमोर बोलावण्याची आपल्याकडे पद्धत नाही. आम्ही आपले पडद्यामागचे, हाताला फेविकॉल लागलेले लोक. पण यंदाचा असीरगडाचा देखावा पाहून गेल्या चार दिवसांत निदान पन्नास जणांनी एकच प्रश्न विचारला, "हे गवत कुठून विकत आणलं?" म्हणून अध्यक्षांनी सांगितले की एकदाच काय ते सर्वांसमोर सांगून टाका.

तर मंडळी, गवत विकत आणलेले नाही. ते कसे केले हे सांगतोच, पण का करावे लागले ते आधी सांगायला हवे.

दोन वर्षांपूर्वी आम्ही पहिल्यांदा असीरगड केला. आपल्या बुऱ्हाणपुरापासून वीसेक किलोमीटरवरचा हा किल्ला. अकबराने 1601 मध्ये घेतलेला, 1760 मध्ये उदगीरच्या तहाने पेशव्यांकडे आलेला, पुढे शिंद्यांचा झालेला, आणि 1819 च्या एप्रिलमध्ये इंग्रजांनी वेढा घालून कायमचा घेतलेला. आपल्यापैकी कित्येक घरांत अजून सांगतात की आमचे पूर्वज त्या फौजांच्या मागोमागच इकडे आले. म्हणून दुसरा कुठला गड न करता आम्ही तोच केला. समितीत नकाशा काढणारे आहेत, सुतारकाम जाणणारे आहेत. शासनाच्या नोकरीतले आम्ही उपयंत्री, डिप्लोमाच्या वेळची मोजपट्टी अजून जपून ठेवलेली. दरवाजा, तट, बुरूज सगळे मापात बसवले. उतारावर मात्र बाल्कनीत अंथरतात तसली हिरवी प्लास्टिकची चटई कापून चिकटवली. तासाभरात काम संपले.

आपल्या मंडळातले एक ज्येष्ठ काका, वय ऐंशीच्या पुढे, देखाव्यासमोर बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "दरवाजा बरोबर आहे रे. पण गड क्रिकेटच्या मैदानात का बांधला?"

आम्ही हसलो. ते हसले नाहीत. ते दहा वर्षांचे असताना वडिलांबरोबर गडावर गेले होते. गवत त्यांच्या खांद्याला लागत होते. घरी आल्यावर धोतरात, सदऱ्यात सगळीकडे कुसळे. रात्री कंदिलाच्या उजेडात आई एकेक कुसळ वेचत बसली होती. हे सांगून ते म्हणाले, "ते रान कुठाय ह्यात?"

आमच्याकडे उत्तर नव्हते. खरे सांगायचे तर आम्ही गवताकडे कधी पाहिलेलेच नव्हते. आमच्या कामाच्या नकाशात गवत म्हणजे तीन बारीक रेघा, आणि अंदाजपत्रकात गवत म्हणजे साफ करण्याची बाब. नोकरीची वीस वर्षे गवत काढून टाकण्याचा खर्च लिहिण्यात गेली.

मग ठरवले की आधी पाहायचे. भाद्रपदात गेलो, दिवाळीनंतर गेलो, पुन्हा चैत्रात गेलो. किल्ला केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे, तेव्हा तिथली काडीसुद्धा आणायची नाही असा नियम आम्ही स्वतःला घालून घेतला. नुसते पाहायचे आणि वहीत लिहायचे.

वहीत काय लिहिले ते सांगतो. पहिली गोष्ट, गवत चटईसारखे उगवत नाही. ते ठोंबाठोंबाने येते आणि दोन ठोंबांच्या मधे माती दिसते, खडी दिसते. दुसरी, प्रत्येक ठोंबाच्या बुडाशी गेल्या वर्षीच्या वाळक्या काड्या असतात. भर पावसाळ्यातही खालचा रंग तपकिरी आणि वरचा हिरवा. तिसरी, उंची सारखी नसते. तटाच्या पायथ्याशी पाणी झिरपते आणि तिथे बकऱ्याही फार जात नाहीत, म्हणून तिथे गवत सर्वांत उंच. पाऊलवाटेच्या कडेला आखूड. वाटेवर नाहीच. चौथी, सगळे ठोंब वाऱ्याने एकाच बाजूला कललेले असतात. आणि पाचवी गोष्ट रंगाची. कुसळी दिवाळीनंतर पिकली की तांबूस होते, मारवेल पिवळा पडतो. सगळा उतार एका हिरव्या रंगाचा कधीच नसतो.

आता मापाचे पाहू. यंदा आम्ही अख्खा गड केला नाही. एक दरवाजा, थोडा तट आणि त्याखालचा उतार एवढाच तुकडा घेतला. फळी सहा फूट बाय चार फूट आणि प्रमाण एकास पन्नास. म्हणजे फळीवर साधारण 91 मीटर बाय 61 मीटर जागा आली. पावणेसहा फुटी माणूस साडेतीन सेंटिमीटरचा झाला. मीटरभर उंच कुसळी दोन सेंटिमीटरची, आणि तटाखालचे दीड मीटरचे गवत तीन सेंटिमीटरचे. उंची जमवणे सोपे आहे. फसगत होते ती जाडीत.

बालमित्रांनो, हे तुमच्या दिवाळीच्या किल्ल्यासाठी नीट ऐका. आपण किल्ल्यावर अळीव पेरतो, मोहरी पेरतो. चार-पाच दिवसांत हिरवेगार होते, आणि ती मजा वेगळीच. ती सोडू नका. पण आमच्या प्रमाणात अळिवाचे पान म्हणजे कोबीचा गड्डा दिसतो. गहू पेरून पाहिला. गव्हाचे पान चार मिलिमीटर रुंद असते. त्याला पन्नासने गुणा. वीस सेंटिमीटर रुंदीचे गवत जगात कुठे असते का? शिवाय दहा दिवसांच्या उत्सवात ते वाढून वाढून आडवे पडते.

केरसुणीच्या काड्या लावून पाहिल्या, त्या बांबूसारख्या दिसल्या. रंगवलेला लाकडाचा भुसा जमिनीसाठी चांगला, पण तो उभा राहत नाही. शहरात पॉवरलूम असल्यामुळे वाया गेलेले सूत हवे तेवढे मिळते. त्याला खळ देऊन ताठ केले, पण मंडपातल्या दमट हवेत दुसऱ्या दिवशी माना टाकल्या.

शेवटी जमले ते सुतळीने. सुतळी म्हणजे ताग. तिचे वीतभर तुकडे करायचे, पीळ उकलायचा, पाण्यात चिमूटभर धुण्याचा सोडा घालून उकळायचे, म्हणजे तेलकटपणा जातो आणि तंतू सरळ होतात. मग जुन्या कंगव्याने विंचरून दोरीवर वाळत घालायचे. वाळल्यावर जो रंग येतो तोच उन्हाळ्यातल्या गवताचा रंग, त्याला काहीही करावे लागत नाही. हिरव्यासाठी कपडे रंगवण्याचा रंग मीठ घालून वापरला. नुसता हिरवा रंग खोटा दिसतो, त्यात थोडा पिवळा आणि थोडा तपकिरी हवाच. मुलांनी हळदीत रंगवून पाहिले. पहिल्या दिवशी फार सुंदर दिसले, पण चार दिवस दिव्याखाली राहिल्यावर हळद उडाली. तेव्हा एका पातेल्यात हिरवट, दुसऱ्यात पिवळट आणि तिसरा भाग न रंगवलेला, असे तिन्ही हाताने एकत्र मिसळले. पूर्ण एकजीव करायचे नाही. थोडे विस्कळित राहिले तरच खरे वाटते.

तागाने पाती झाली, पण तुऱ्याच्या उंच ताठ काड्या होईनात. इथे आपल्या जिल्ह्यानेच हात दिला. बुऱ्हाणपूर म्हणजे केळी. घड काढला की ते खोड पुन्हा फळत नाही, ते तोडावेच लागते. त्याचे सोपट घेऊन फळीवर ठेवले आणि बोथट सुरीने खरवडले की गर निघून जातो व लांब, सरळ, रेशमासारखा धागा हाती येतो. तो धुऊन सावलीत वाळवला. त्याला चमक फार असते आणि गवत चमकत नाही, म्हणून मातीच्या पाण्यात बुडवून ती मारली. धाग्याच्या टोकाला फेविकॉल लावून बारीक भुशात टेकवले की तुरा तयार. आधी भुशाऐवजी रवा वापरला होता. सकाळी येऊन पाहतो तर गडाला मुंग्यांनी वेढा घातलेला!

ठोंब असा करायचा. पंधरा-वीस तागाचे तंतू आणि दोन-तीन केळीचे धागे घेऊन बुडाशी दोऱ्याने बांधायचे, बूड फेविकॉलमध्ये बुडवायचे, दाभणाने भोक पाडून त्यात रोवायचे आणि वाळल्यावर कात्रीने वरून कापायचे. कात्री आडवी धरायची नाही. आडवी धरली की कुंपणाची मेंदी होते. उभी धरून एकेक तंतू कमी-जास्त करायचा. उतारासाठी थर्मोकोल घेतला नाही. सजावटीच्या थर्मोकोलवर 1 जुलै 2022 पासून देशभर बंदी आहे. बांबूच्या कामट्या, त्यावर गोणपाट आणि वर रद्दीच्या कागदाचा लगदा, यात दाभण छान जाते.

ठोंबांच्या मधल्या खुरट्या गवतासाठी वेगळी युक्ती आहे. युरोपात छोट्या रेल्वेगाड्यांचे हौशी लोक ती फार वापरतात, आणि कापडधंद्यातल्या मंडळींना मखमलीसारख्या फ्लॉक छपाईमुळे ती माहीत असेल. नायलॉनचे दोन ते सहा मिलिमीटरचे तंतू धातूच्या गाळणीत घ्यायचे. गाळणी आणि ओला गोंद लावलेली जमीन यांच्यात स्थिर विजेचा मोठा दाब निर्माण केला की गाळणीतून पडणारा प्रत्येक तंतू अंगावर काटा यावा तसा उभा राहतो आणि गोंदात उभाच रुततो. आधी दोन मिलिमीटर, त्यावर चार, मग सहा, अशा क्रमाने. गोंद पाणी घालून पातळ करावा आणि त्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाकावा, म्हणजे तो नीट पसरतो. हौशी लोक हे यंत्र डास मारायच्या रॅकेटपासून बनवतात. पण मुलांनो, ते मोठ्यांच्या हाताखालीच करायचे. झटका त्यालाही बसतो. आणि घरच्या विजेला तर असले काही कधीच जोडायचे नाही.

अजून एक सावधगिरी. ताग, केळीचा धागा, कागद हे सगळे वाळलेले सरपणच आहे. म्हणून देखाव्याच्या जवळ समई नाही, निरांजन नाही, तापणारे मोठे दिवे नाहीत. फक्त एलईडी, आणि पडद्यामागे वाळूच्या दोन बादल्या.

असे दोन हजारांवर ठोंब लागले. मंडळातल्या बारा मुलामुलींनी श्रावणातल्या रविवारी बसून ते बांधले. ही मुले शाळेत हिंदी आणि इंग्रजी बोलतात. घरी मराठी बोलतात, पण तीही हल्ली अर्धीमुर्धी. ठोंब, कुसळ, सोपट, दाभण, तुरा हे शब्द त्यांनी त्या चार रविवारी पहिल्यांदा ऐकले आणि लगेच वापरायलाही लागली. आम्ही शिकवले असे नाही. हातात वस्तू होती, तिला नाव लागत होते.

परवा त्या काकांना खुर्चीत बसवून देखाव्यासमोर आणले. आता त्यांना चालवत नाही. त्यांनी वाकून पाहिले. आम्ही सगळे श्वास रोखून उभे. त्यांनी एक बोट उतारावर ठेवले आणि म्हणाले, "इथून वाट होती. दरवाजाच्या डाव्या हाताला. इथून आम्ही वर गेलो होतो."

आमच्या नकाशात ती वाट नव्हती. नेमक्या त्या जागी आम्ही सर्वांत दाट गवत लावले होते. त्या रात्री आरती झाल्यावर मुलांनी कात्री घेतली, काका सांगत गेले आणि बोटभर रुंदीची वाट गवतातून काढली. आज तुम्ही देखाव्यात जी वाट पाहता ती ही. आज ती जमिनीवर तशीच आहे की नाही याला महत्त्व नाही. ती एका माणसाच्या आठवणीत होती, आता बारा मुलांना माहीत आहे.

म्हणून शेवटी दोनच विनंत्या. ज्येष्ठांना विनंती, की देखावा पाहून नुसते "छान" म्हणू नका. काय चुकले ते सांगा. कुठे वाट होती, कुठे विहीर होती, कुठे चिंच होती ते सांगा. आम्ही गवत कापायला तयार आहोत. आणि पालकांना विनंती, की दिवाळीच्या आधीचे चार रविवार मुलांना संध्याकाळी इकडे पाठवा. येताना जुना कंगवा आणि एक बोथट कात्री आणावी. सुतळी मंडळाची. सोपट ज्यांचे शेत आहे त्यांनी आणावे.

प्लास्टिकची ती हिरवी चटई अजून मंडळाच्या खोलीत पडून आहे. कोणाला बाल्कनीसाठी हवी असल्यास घेऊन जावी.

गणपती बाप्पा मोरया!