अंगठा देण्याआधी

मैत्रिणींनो, तलासरीतल्या झरी गावी १९४५ साली वारली जमले ते वेठबिगारी आणि लग्नगडीविरुद्ध. त्या काळी न वाचलेल्या कागदावर अंगठे उठत. आज अंगठा यंत्रावर उठतो, आणि आधारशी जोडलेल्या खात्यातून पैसे निघतात. पिन लागत नाही, ओटीपीही नाही. ‘उमटला नाही, परत लाव’ असं म्हटलं तर आधी पावती मागा. (भात लावून, जळण वाहून झिजलेले अंगठे खरंच उमटत नाहीत, तीच तर अडचण!) वाचता येत नसेल तर शाळेत जाणारी लेक सोबत न्या. एरवी आधारचं बायोमेट्रिक लॉक करून ठेवता येतं. आणि ओटीपी नवऱ्यानं मागितला तरी ‘कशासाठी?’ एवढं विचाराच. रेशनच्या यंत्राची पावतीसुद्धा घ्या. किती किलो लिहिलंय ते तिथंच वाचून घ्या.