नियम कायद्यातले आणि संगणकातले

प्राप्तिकर विवरणपत्रांवर प्रक्रिया करणारे बंगळुरूचे केंद्र २००९ साली सुरू झाले. बेरजेतील चूक किंवा विसंगत दावा तेथे संगणकात भरलेले नियम शोधतात. कायदा बदलला की हे नियमही बदलावे लागतात. काम वरकरणी तांत्रिक. पण कायद्याचा अर्थ लावल्याविना ते होत नाही.

नव्या करप्रणालीत ७ लाख रुपयांपर्यंतच्या उत्पन्नास कलम ८७अ अन्वये २५,००० रुपयांपर्यंत करसवलत होती. ५ जुलै २०२४ रोजी विवरणपत्राच्या आज्ञावलीत बदल झाला आणि शेअर विक्रीतील अल्पकालीन नफ्यासारख्या विशेष दराच्या उत्पन्नावरील करासाठी ही सवलत मागणेच अशक्य झाले. कायद्याचे शब्द तेच होते. चार तारखेला विवरणपत्र भरणाऱ्यास दावा करता आला, सहा तारखेला भरणाऱ्यास नाही!

सवलत देय आहे की नाही हा प्रश्न विवाद्य आहे, परंतु दावा करण्याची वाटच आज्ञावलीने अडवता येणार नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने २४ जानेवारी २०२५ रोजी दिला. त्यानंतर वित्त अधिनियम, २०२५ द्वारे २०२६-२७ या करनिर्धारण वर्षापासून नव्या करप्रणालीत ही सवलत अशा उत्पन्नास नाकारण्यात आली. आज्ञावलीतील नियम कायद्यात उतरला तो असा, मागाहून.