बालबोधकार विनायक कोंडदेव ओक

मराठी नियतकालिकांच्या इतिहासांत १८८१ हें साल 'केसरी'चें म्हणून सर्वांच्या ध्यानांत राहिलें आहे. त्या वर्षाच्या आरंभीं पुण्यास 'केसरी' निघाला आणि जाणत्या माणसांच्या बैठकींत एक नवा आवाज घुमूं लागला. परंतु त्याच वर्षीं आणखी एक मासिक जन्मास आलें. त्याचा आवाज हळू होता, कारण तें ज्यांच्याशीं बोलत होतें ते वाचक वयानें लहान होते. त्या मासिकाचें नांव 'बालबोध' आणि त्याचे संपादक विनायक कोंडदेव ओक. श्रोतेहो, ज्या गृहस्थानें आपल्या आयुष्याचीं तेहतीस-चौतीस वर्षें मुलांसाठीं लिहिण्यांत वेंचलीं, त्याच्या कार्याचा आज थोडक्यांत परिचय करून घ्यावयाचा आहे.

ओकांचा जन्म २५ फेब्रुवारी १८४० रोजीं रत्नागिरी जिल्ह्यांतील हेदवी या गांवीं झाला. पुढें ते सरकारी शिक्षणखात्यांत शिरले व त्यांच्या उमेदीचीं वर्षें शाळांच्या सहवासांत गेलीं. मुलांच्या वर्गासमोर उभ्या राहणाऱ्या माणसाला एक गोष्ट लौकर कळून येते. वर्गांत बसलेलें मूल कंटाळलें, म्हणजे तें तोंडानें कांहीं बोलत नाहीं. तें खिडकीबाहेर पाहूं लागतें. कोणतें वाक्य मुलाच्या डोक्यावरून गेलें आणि कोणतें मनांत उतरलें, हें शिक्षकाला त्याच्या मुद्रेवरून वाचावें लागतें. ओकांची सरळ व सुबोध लेखनशैली ज्या वातावरणांत घडली तें हें होय.

त्यांच्या पूर्वीं मराठींत मुलांसाठीं कांहींच नव्हतें असें नाहीं. सदाशिव काशिनाथ छत्रे यांचीं 'इसपनीतिकथा' आणि 'बाळमित्र' हीं पुस्तकें १८२८ सालींच प्रसिद्ध झालीं होतीं. पण तीं भाषांतरें होतीं; 'बाळमित्रा'चें मूळ तर बर्क्वीन या फ्रेंच लेखकाचें. पुढें १८७३ सालीं मिशनरी मंडळींनीं 'बालबोधमेवा' हें मासिक काढलें. त्यामागें धर्मप्रसाराचा हेतु होता. याखेरीज मुलाच्या हातीं जें पडे तें शाळेचें क्रमिक पुस्तक, आणि तें परीक्षेच्या धाकानें वाचलें जाई. शाळा सुटल्यावर मुलानें आपल्या खुशीनें उघडावें, आणि वाचून संपलें कीं पुढच्या महिन्याची वाट पाहावी, असें कांहीं मराठी घरांत येण्याची गरज होती. ओकांनीं चाळिशी ओलांडल्यावर तें काम हातीं घेतलें.

मासिकाचें नांवही मार्मिक आहे. त्या काळीं कागदपत्र, हिशेब व पत्रव्यवहार मोडींत चाले, आणि ग्रंथांच्या देवनागरी लिपीला बालबोध म्हणत. तेव्हां मुलांना समजेल असें ज्ञान, हा एक अर्थ; आणि मूल जी लिपि गिरवून वाचावयास शिकतें ती लिपि, हा दुसरा. दोन्ही अर्थ त्या एका शब्दांत सहज नांदत होते.

आतां त्यांच्या श्रमाचा हिशेब पाहण्यासारखा आहे. 'बालबोधां'त ओकांनीं लिहिलेलीं चरित्रें ४०२, कविता ४०२ आणि निबंध ४०२. शास्त्रीय विषयांवरील निबंध ३८९ आणि इतर संकीर्ण लेख ८५०. एकंदर बेरीज २४४५ होते. ४०२ महिने म्हणजे साडेतेहतीस वर्षें. प्रत्येक महिन्यास एक चरित्र, एक कविता आणि एक निबंध, असा हा अखंड नेम दिसतो. घरांत आजारपणें येतात, प्रवास घडतात, मन उदास होतें. पण महिना कोणासाठीं थांबत नाहीं, आणि अंकाची वाट पाहणाऱ्या मुलाला सबब सांगून चालत नाहीं. एखादा उत्तम ग्रंथ लिहिणें हें प्रतिभेचें काम आहे. चारशेंहून अधिक वेळां त्याच उत्साहानें लेखणी हातीं धरणें हें शीलाचें काम आहे.

या आंकड्यांत आणखी एक गोष्ट दडलेली आहे. शास्त्रीय निबंधांची संख्या चरित्रांपेक्षां अवघी तेरानें कमी आहे. म्हणजे सृष्टीचें कांहींतरी कोडें बहुधा दर महिन्यास मुलांपुढें येत होतें. शास्त्र इंग्रजींतूनच शिकावें अशी समजूत ज्या काळीं रूढ होती, त्या काळीं हा उद्योग सोपा नव्हता. परिभाषा तयार नव्हती. आणि जी होती ती संस्कृतप्रचुर असल्यामुळें मुलांना पेलणारी नव्हती. विद्वानांसाठीं लिहिणारा अवघड शब्दाच्या आडोशाला उभा राहूं शकतो. मुलांसाठीं लिहिणाऱ्याला ती सोय नाहीं, कारण जें स्वतःला नीट समजलेलें नाहीं तें सोपें करून सांगतांच येत नाहीं.

ओकांची लेखणी बालवाङ्मयापुरतीच मर्यादित नव्हती. 'बालबोध' निघाला त्याच १८८१ सालीं त्यांची 'शिरस्तेदार' ही लहानशी कादंबरी प्रसिद्ध झाली. तिचा विषय सरकारी कचेरींतील लांचखाऊपणा. या दोन उद्योगांचें नातें उघड आहे. आज वर्गांत बसणारा मुलगा उद्यां कचेरींतल्या खुर्चीवर बसणार. तेथें त्याचा हात स्वच्छ राहावयाचा तर त्याची तयारी आधींच झाली पाहिजे.

येथेंच त्यांच्या लेखनाची मर्यादाही सांगितली पाहिजे. त्यांच्या कवितेंत काव्यापेक्षां उपदेश अधिक आहे. मुलाला शहाणें करण्याची त्यांना जितकी तळमळ, तितकी त्याला हंसविण्याची नव्हती. १९०६ सालीं वासुदेव गोविंद आपटे यांनीं 'आनंद' मासिक काढलें. 'बोध' आणि 'आनंद' या दोन नांवांतच मराठी बालवाङ्मयाचा प्रवास सांठविला आहे. परंतु आनंद पेरण्यापूर्वीं जमीन नांगरावी लागते. स्वतःच्या मासिकाची वाट पाहणारा मराठी बालवाचक आधीं तयार व्हावा लागला, आणि तो तयार करण्यांत ओकांचा वांटा फार मोठा आहे.

९ ऑक्टोबर १९१४ रोजीं ओकांचें देहावसान झालें. मुलांसाठीं लिहिणाऱ्याच्या वांट्यास एक विचित्र दैव येतें. त्याचे वाचक मोठे होतात, आणि मोठे झाले कीं मोठ्यांचे ग्रंथ वाचूं लागतात. लहानपणीं कोणाच्या बोटाला धरून वाचनाच्या वाटेवर पहिलें पाऊल टाकलें, हें त्यांतील थोड्यांनाच आठवतें. बोट सुटलें म्हणून वाट कांहीं नाहींशी होत नाहीं. ज्या घरांत आईबाप क्रमिक पुस्तकाखेरीज आणखी एक पुस्तक मुलाच्या हातीं देतात, आणि तें त्याला आपल्या खुशीनें वाचूं देतात, त्या घरांत विनायक कोंडदेव ओकांचें काम पुढें चाललें आहे असें समजावें.